वाचून झालं; कळलं का?

पुढचा उतारा वाचा. ‘टिमकू झरप्यात गुरमटला. झरप्यात खूप लोटरं होती. टिमकूने त्यांतली दोन चुरकी लोटरं कुमडली आणि तो झटपट मुरपला.’ आता प्रश्न. टिमकू कुठे गुरमटला? झरप्यात. झरप्यात काय होतं? खूप लोटरं. टिमकूने किती लोटरं कुमडली आणि ती कशी होती? दोन, चुरकी. पूर्ण वाक्यात लिहिलं तर पैकीच्या पैकी गुण. पण टिमकू माणूस आहे की माकड, झरपा म्हणजे रान की बाजार, यातलं काहीही आपल्याला ठाऊक नाही, कारण हे शब्द मी या लेखासाठी बनवले आहेत.

मग उत्तरं आली कुठून? मराठीच्या प्रत्ययांनी ती आपल्या हातात ठेवली. ‘त’ आला की ठिकाण, ‘ने’ आला की करणारा, नामाच्या आधी आलं ते विशेषण. पाच-सहा वर्षांच्या मराठी मुलालाही हे न शिकवता येत असतं. ‘खालील उतारा वाचून प्रश्नांची उत्तरे लिहा’ या प्रकारातले कितीतरी प्रश्न असेच सुटतात. मूल प्रश्नातला एक शब्द पकडतं, उताऱ्यात तो शोधतं आणि ते वाक्य वहीत उतरवतं. चौथीपर्यंत हे निभावतं. पाचवी-सहावीत इतिहास-विज्ञानाचे धडे लांबतात, गणितात शाब्दिक उदाहरणं वाढतात, आणि मग घरचे म्हणू लागतात, ‘वाचतो घडाघडा, पण डोक्यात काही शिरत नाही.’ त्या मुलाच्या डोक्यात काही खोट नसते. त्याला आकलन कुणी शिकवलेलंच नसतं, फक्त वेळोवेळी तपासलेलं असतं.

हे आपल्याकडेच घडतं असंही नाही. अमेरिकेत डोलोरेस डर्किन या संशोधिकेने चौथीच्या वर्गांमध्ये प्रत्यक्ष बसून वाचनाचे तास पाहिले. १९७८-७९ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष शिक्षणाच्या जगात अजून सांगितला जातो: वाचनाच्या वेळेपैकी एक टक्काही वेळ अर्थ कसा लावायचा हे शिकवण्यात जात नव्हता. प्रश्न विचारणं, उत्तरं तपासणं, स्वाध्याय सोडवून घेणं यांत तो संपत होता. आपल्या एखाद्या शाळेत आठवडाभर कोणी घड्याळ घेऊन बसलं तर याहून फार वेगळं दिसेल असं मला वाटत नाही.

वाचन म्हणजे नेमकं काय, याचं एक सोपं सूत्र फिलिप गफ आणि विल्यम टनमर यांनी १९८६ मध्ये मांडलं. लिखित अक्षरांवरून शब्द ओळखता येणं आणि ती भाषा ऐकून समजणं, या दोन गोष्टींचा गुणाकार म्हणजे वाचनाचं आकलन. बेरीज नव्हे, गुणाकार. दोहोंपैकी एक शून्य असेल तर उत्तर शून्यच. म्हणजे न कळणारी मुलंही एका प्रकारची नसतात. एकाला अक्षरं जोडतानाच धाप लागते, पण तीच गोष्ट आजीने सांगितली तर त्याला पुरती कळते. दुसरा न अडखळता वाचतो, पण तोच मजकूर आपण वाचून दाखवला तरी त्याला कळत नाही. या दोघांना एकाच ‘उपचारात्मक वर्गा’त बसवून तीच बाराखडी पुन्हा गिरवायला लावली तर दुसऱ्याचं वर्ष वाया जातं. म्हणून पहिली तपासणी अगदी साधी आहे: एक उतारा मुलाला वाचायला द्या, आणि तसाच दुसरा एक तुम्ही वाचून दाखवा. दोन्ही वेळा ‘काय झालं, सांग बरं’ एवढंच विचारा. अडचण कुठे आहे ते तिथेच दिसतं.

‘प्रथम’ संस्थेच्या पुढाकाराने होणारी ‘असर’ पाहणी ग्रामीण भारतातल्या घरोघरी जाऊन मुलांना वाचायला लावते. २०१८ मध्ये पाचवीतल्या ५०.५ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येत होता. करोनानंतरच्या २०२२ च्या पाहणीत हे प्रमाण ४२.८ टक्क्यांवर आलं. या आकड्यांची चर्चा खूप होते आणि ती व्हायलाच हवी. पण असरच्या कार्यकर्त्यासमोर मुलाने मजकूर नीट वाचून दाखवला की ते त्या पातळीवर आहे असं धरतात. ही गुणाकारातली पहिली संख्या झाली. वाचणाऱ्या मुलांपैकी किती जणांना त्या मजकुराचा अर्थ लागला, हा प्रश्न त्यापुढे शिल्लक राहतो.

देवनागरीमुळे हा प्रश्न आपल्याकडे अधिक लपतो. चौदाखडीच्या खुणा आणि जोडाक्षरं पक्की व्हायला इंग्रजीच्या सव्वीस अक्षरांपेक्षा बराच जास्त काळ लागतो, पण एकदा ती बसली की मूल काहीही वाचून दाखवू शकतं, माझा टिमकूसुद्धा. इंग्रजीत अनोळखी शब्दाचा उच्चार स्पेलिंगवरून नक्की ठरत नाही, त्यामुळे मूल तिथे थबकतं आणि बाईंना कळतं की हा शब्द त्याला येत नाही. मराठीत ‘प्रकाशसंश्लेषण’ हा शब्द सातवीतला मुलगा एका दमात, स्पष्ट म्हणतो. बाई समाधानाने पुढच्या ओळीकडे वळतात. स्पष्ट उच्चार हा मराठी वर्गातला सगळ्यांत फसवा पुरावा आहे.

वेगाचं महत्त्व मात्र कमी लेखू नये. केंद्र सरकारच्या २०२१ च्या ‘निपुण भारत’ अभियानात दुसरीच्या अखेरीस मिनिटाला ४५ ते ६० शब्द अर्थासह वाचता यावेत असं उद्दिष्ट ठेवलं आहे. हा वेग हवा कशाला? मनात एका वेळी फार थोडं मावतं, म्हणून. आणि मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येतं, नकारही बहुधा शेवटीच. ‘पावसाळ्यात विहिरीचं पाणी उकळल्याशिवाय लहान मुलांना प्यायला देऊ नये’ हे वाक्य अक्षर-अक्षर लावत वाचणारं मूल ‘नये’पर्यंत पोचतं तेव्हा ‘उकळल्याशिवाय’ कधीच निसटलेलं असतं. त्याच्या हाती ‘पाणी देऊ नये’ एवढंच उरतं. अशा मुलाला प्रश्नोत्तरांचा उपयोग नाही. त्याला तोच छोटा उतारा तीन-चार दिवस, रोज एक-दोनदा, मोठ्या मुलाच्या किंवा ताईच्या बरोबरीने मोठ्याने वाचायला मिळाला पाहिजे. शब्दाशब्दावर न तोडता ‘पावसाळ्यात / विहिरीचं पाणी / उकळल्याशिवाय / लहान मुलांना / प्यायला देऊ नये’ असे तुकडे पाडून वाचायला शिकवलं तर अर्थ तुकड्यांसोबत येऊ लागतो. पेन्सिलीने तिरप्या रेघा मारून दिल्या तरी पुरे.

आता दुसऱ्या मुलाकडे येऊ, ज्याला वाचता येतं पण कळत नाही. त्याच्यासाठी आणखी एक उतारा. यातले शब्द खरे आहेत.

‘दिवाळीच्या पणत्या अजून कोनाड्यातच होत्या. शेवंताने वाकळ गुंडाळली, दोन्ही कोयते पोत्यात बांधले. रस्त्यावर ट्रॅक्टर थांबला होता. “पेपरला येशील ना?” बाईंनी विचारलं. शेवंताने आईकडे पाहिलं. आई मुकादमाकडे पाहत होती.’

बीड जिल्ह्यातल्या, चाचरत वाचणाऱ्या एखाद्या मुलीला हा उतारा द्या. ती सांगेल: हे लोक ऊसतोडीला चाललेत. दिवाळी झाली म्हणजे हंगाम सुरू झाला. आता कारखान्याच्या भागात जाऊन कोप्या घालायच्या आणि उन्हाळा लागेपर्यंत तिथेच राहायचं. आईबापाने मुकादमाकडून उचल घेतलेली आहे, ती फिटल्याशिवाय मधेच परत येता येत नाही, म्हणून आई मुकादमाकडे बघते. शेवंता परीक्षेला येणार नाही. यातलं एकही वाक्य उताऱ्यात लिहिलेलं नाही. ‘ऊस’ हा शब्दसुद्धा नाही. आता हाच उतारा पुण्या-मुंबईच्या शाळेत पहिल्या येणाऱ्या मुलाला द्या. तो सुरेख वाचेल, विरामचिन्हांसकट वाचेल. पण त्याला कोयता भेटलेला असतो तो हाणामारीच्या बातम्यांत. मुकादम कोण, ट्रॅक्टर कशाला, आई उत्तर का देत नाही, यांवर तो बहुधा म्हणेल की ते गावाला चालले असावेत. उलट ‘तो चुकून फास्टमध्ये चढला आणि विद्याविहारऐवजी घाटकोपरला उतरून मागे आला’ या वाक्यावर तोच मुंबईचा मुलगा हसेल आणि बीडची मुलगी गोंधळेल. दोघांपैकी ‘आकलन चांगलं’ कोणाचं?

नेमका हाच प्रश्न डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी १९८८ मध्ये प्रयोगाने तपासला. सातवी-आठवीतली ६४ मुलं त्यांनी घेतली. काही वाचनात चांगली, काही कच्ची. आणि दोन्ही गटांत काहींना बेसबॉल नीट ठाऊक, काहींना नाही. बेसबॉलच्या एका डावातल्या तुकड्याचं वर्णन सगळ्यांना वाचायला दिलं. बेसबॉल जाणणाऱ्या ‘कच्च्या’ वाचकांनी बेसबॉल न जाणणाऱ्या ‘चांगल्या’ वाचकांना सहज मागे टाकलं. वाचनाचं कौशल्य विषयाच्या ज्ञानापुढे फिकं पडलं.

मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो, कारण आपली सगळी धडपड उलट्या दिशेने चाललेली असते. मूल वाचनात मागे पडलं की शाळा त्याचे परिसर अभ्यासाचे, विज्ञानाचे, चित्रकलेचे तास काढून घेते आणि त्या वेळात भाषेचे उतारे सोडवून घेते. शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी तर अशा सुट्या उताऱ्यांच्या ढिगाऱ्यावर उभी असते: आज मधमाशी, उद्या लोकमान्य टिळक, परवा चंद्रावरची माती. एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही आणि एकातूनही काही मनात राहत नाही. लेखक कधीच सगळं लिहीत नाही. वाचकाला जे माहीत असेल असं त्याला वाटतं, ते तो सोडून देतो. ती मोकळी जागा वाचकाने स्वतःच्या माहितीतून भरायची असते. ज्याच्याकडे भरायला काही नाही त्याला कितीही उतारे दिले तरी जागा मोकळीच राहणार.

म्हणून एकच विषय धरून तीन-चार आठवडे वाचणं, हा मला माहीत असलेला सगळ्यांत खात्रीचा उपाय आहे. किल्ले घ्या. पहिल्या मजकुरात माची, बालेकिल्ला, तटबंदी, बुरूज, पाण्याचं टाकं, चोरदिंडी हे शब्द येतील आणि मुलं अडखळतील. चित्रं दाखवा, जवळचा एखादा गड असेल तर चढून या. दुसऱ्या मजकुरात तेच शब्द ओळखीचे होऊन येतील. तिसरा मजकूर वयापेक्षा थोडा वरचा दिला तरी मुलं तो पेलतील. त्यानंतर जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला ती वर्तमानपत्रातली बातमी समोर ठेवा. बारांपैकी अकरा महाराष्ट्रातले आणि जिंजी तमिळनाडूतला, हे वाचल्यावर ‘तमिळनाडूत मराठ्यांचा किल्ला कसा?’ असा प्रश्न वर्गातूनच येईल. शिक्षकांनी विचारण्याआधी मुलाने विचारलेला असा एक प्रश्न दहा स्वाध्यायांपेक्षा जास्त काही सांगतो.

शब्दांचंही असंच आहे. धड्याखालची शब्दार्थांची यादी पाठ केल्याने शब्द आपला होत नाही. तो वेगवेगळ्या वाक्यांत पुन्हापुन्हा भेटावा लागतो. शिवाय आपण अर्थ देतो ते कठीण नामांचे. मुलं खरी अडतात ती ‘तथापि’, ‘परिणामी’, ‘अनुक्रमे’, ‘वगळता’, ‘अन्यथा’, ‘किंबहुना’ अशा शब्दांपाशी, जे बोलताना कोणी वापरत नाही आणि ज्यांच्यावर सगळ्या वाक्याचा अर्थ फिरतो. ‘पुणे व नाशिक येथे अनुक्रमे १२ व ८ मिलिमीटर पाऊस झाला’ या वाक्यात ‘अनुक्रमे’ कळला नाही तर दोन्ही आकडे निरर्थक. हे शब्द यादीत क्वचितच असतात. ते मुद्दाम शिकवावे लागतात.

आणि ज्या घरात अहिराणी, कोरकू, वारली, गोंडी किंवा पावरी बोलतात, तिथल्या मुलाला पाठ्यपुस्तकाची अख्खी भाषाच नवी असते. अशा मुलाने धड्याचा अर्थ आपल्या बोलीत सांगितला तर तो पूर्ण अर्थ मानला पाहिजे. ‘कळलं का’ आणि ‘प्रमाण मराठीत लिहिता आलं का’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर मिळण्याआधी दुसरा विचारला की मूल गप्प होतं, आणि त्याचं गप्प बसणं आपण न कळणं म्हणून नोंदवतो.

आता प्रत्यक्ष वर्गात अर्थ लावायला शिकवायचं म्हणजे काय करायचं, ते एका छोट्या मजकुरावर पाहू. ‘माठाच्या बारीक छिद्रांतून पाणी बाहेर झिरपतं. त्याचं बाष्पीभवन होताना ते माठाकडून उष्णता घेतं. त्यामुळे आतलं पाणी गार होतं. म्हणून दमट हवेत माठातलं पाणी तितकं गार होत नाही.’ चार वाक्यं. कोणताही सहावीतला मुलगा वाचेल. आता बाईंनी मुलांसमोर हे मोठ्याने वाचताना मधेच थांबावं आणि स्वतःच्या मनात चाललेलं बोलून दाखवावं. ‘“त्याचं बाष्पीभवन” म्हणजे कोणाचं? माठाचं नाही, झिरपलेल्या पाण्याचं. बरं, “ते उष्णता घेतं” यातलं ते कोण? तेही बाहेरचं पाणीच. मग “आतलं पाणी” वेगळं. म्हणजे इथे दोन पाणी आहेत, एक बाहेर आलेलं, एक आत राहिलेलं.’ मराठीत तो, ती, ते ही सर्वनामं माणसांना, वस्तूंना, आदरार्थी एका व्यक्तीला आणि अनेकांनाही चालतात. ‘ते’ दिसलं की क्षणभर थांबून ‘ते म्हणजे कोण’ विचारायची सवय ही मराठी वाचकाची मोठी कमाई आहे.

पुढे शेवटच्या वाक्यापाशी बाईंनी खरंच अडावं. ‘हे “म्हणून” इथे का आलं? आधीच्या वाक्यांत हवेबद्दल तर काहीच नाही. मग लेखकाने काहीतरी गाळलंय. दमट हवेत काय वेगळं होतं? पावसाळ्यात कपडे लवकर वाळत नाहीत. म्हणजे बाष्पीभवन कमी. बाष्पीभवन कमी म्हणजे माठाची उष्णता कमी जाणार. आता “म्हणून” बसलं.’ नागपूरच्या उन्हाळ्यात माठ गार पाणी देतो आणि रत्नागिरीत तितकं देत नाही, याचं कारण मूल इथे स्वतः शोधून काढतं. हे करायला फार वेळ लागत नाही. पण मुलाला पहिल्यांदा दिसतं की चांगला वाचक सरळ धावत सुटत नाही. तो थांबतो, मागे जातो, स्वतःशी बोलतो. मुलं समजतात की मोठ्यांना सगळं एका वाचनात कळतं. हा गैरसमज मोडलाच पाहिजे.

न कळणं लक्षात येणं हे मुळात शिकावं लागतं. एलेन मार्कमन यांनी १९७९ मध्ये तिसरी, पाचवी आणि सहावीच्या मुलांना माशांबद्दलचा एक मजकूर दिला. त्यात म्हटलं होतं की समुद्राच्या तळाशी अजिबात उजेड नसतो. आणि तिथले काही मासे आपलं अन्न रंगावरून ओळखतात. उजेड नाही तर रंग दिसणार कसा? मोठ्या मुलांपैकीही अनेकांना यात काही चुकतंय असं वाटलं नाही. त्यांना प्रत्येक वाक्य सुटं सुटं कळलं होतं. वाक्यं एकमेकांना लावून पाहिलीच नव्हती. घरी हा खेळ सहज करता येतो. गोष्ट वाचून दाखवताना मुद्दाम एक विसंगती घुसवायची आणि मूल पकडतं का पाहायचं. ‘अमावास्येच्या रात्री चांदण्यात न्हालेल्या वाटेने तो निघाला’ असं म्हटल्यावर मुलाने हात वर केला पाहिजे.

१९८४ मध्ये अ‍ॅनेमेरी पॅलिंक्सर आणि अ‍ॅन ब्राउन यांनी नीट वाचता येणाऱ्या पण आकलनात मागे असलेल्या सातवीतल्या मुलांसाठी एक पद्धत आखली. छोटा गट, एक परिच्छेद, आणि चार कामं: पुढे काय येईल याचा अंदाज, न कळलेल्या जागेचा उलगडा, मजकुरावर स्वतः प्रश्न काढणं, आणि थोडक्यात सार सांगणं. आधी शिक्षक करून दाखवतात, मग एकेक मूल शिक्षकाच्या जागी बसतं. सुमारे वीस दिवसांत या मुलांच्या आकलनात ठळक फरक पडला आणि तो टिकला. साठ मुलांच्या वर्गात हे जमणार नाही असं शिक्षक म्हणतील, तर चार-चारचे गट करावेत. एकाने प्रश्न विचारावा, बाकीच्यांनी उत्तर द्यावं. मात्र याचाही अतिरेक नको. डॅनियल विलिंगहॅम हे मानसशास्त्रज्ञ सांगत आले आहेत की अशा युक्त्या मुलं थोड्या दिवसांत शिकतात आणि नंतर त्यांचाच सराव महिनोन्महिने करून फारसं पदरी पडत नाही. युक्ती कळली की वेळ पुन्हा चांगल्या पुस्तकांकडे वळवावा.

माझ्या मते एका शब्दाचा प्रश्न सगळ्यांवर भारी आहे: ‘कशावरून?’ मुलगी म्हणाली, ‘शेवंताला जायचं नव्हतं.’ कशावरून? ‘ती आईकडे बघते, बाईंना हो म्हणत नाही.’ इथे उत्तर बरोबर की चूक याहून महत्त्वाची गोष्ट घडते. मूल पुन्हा मजकुरात जातं आणि पुरावा घेऊन येतं. चुकीच्या उत्तरालाही हाच प्रश्न विचारावा आणि बरोबर उत्तरालाही. फक्त चुकल्यावरच ‘कशावरून’ विचारलं तर मुलं त्या प्रश्नाला भितील.

गणितही इथेच येतं. ‘सीमाकडे रमेशपेक्षा ५ गोट्या जास्त आहेत. सीमाकडे १२ गोट्या आहेत. तर रमेशकडे किती?’ यावर १७ असं उत्तर लिहिणारी मुलं बेरीज-वजाबाकीत पक्की असतात. ‘जास्त’ दिसलं की बेरीज, ‘कमी’ दिसलं की वजाबाकी, असा मंत्र त्यांना कोणीतरी दिलेला असतो. हा मंत्र म्हणजे न वाचण्याचं शिक्षण आहे. त्याऐवजी ‘आकडे झाकून गोष्ट सांग’ म्हणावं. कोणाकडे जास्त आहेत? सीमाकडे. मग रमेशकडे बाराहून कमी असणार. एवढं आधी ठरलं की १७ लिहिणं अवघड होतं.

मोठ्या मुलांबद्दल थोडक्यात. दहावीच्या कृतिपत्रिकेत अपठित उतारा असतो, त्यासाठी गाईड पाठ करून उपयोग नाही हे मुलांना माहीत असतं. तरी अभ्यास मात्र रंगीत पेनाने रेघा मारण्याचा आणि धडा पुन्हापुन्हा वाचण्याचा. डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अभ्यासाच्या दहा पद्धतींचा आढावा घेतला, त्यात या दोन्ही तळाला गेल्या. स्वतःची परीक्षा घेणं आणि अभ्यास दिवसांत विभागणं या दोन वर आल्या. रोडिगर आणि कार्पिकी यांच्या २००६ च्या प्रयोगात तर मजकूर पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनी पुढे होते, पण आठवड्याने पुस्तक मिटून आठवणारे विद्यार्थी पुढे गेले. पान वाचावं, पुस्तक मिटावं, आणि काय वाचलं ते स्वतःच्या शब्दांत कोऱ्या कागदावर लिहावं. जिथे पेन थांबतं तेवढंच पुन्हा वाचावं.

पालकांना एकच सांगायचं आहे: मुलाला वाचता येऊ लागलं म्हणून त्याला वाचून दाखवणं थांबवू नका. बहुतेक घरांत दुसरी-तिसरीत ते थांबतं. प्राथमिक वयात मुलाला ऐकून जे कळतं ते त्याला स्वतः वाचून कळण्याच्या बरंच पुढे असतं. गुणाकारातली दुसरी संख्या, म्हणजे भाषा, याच वाटेने मोठी होते. स्वतःला वाचता न येणाऱ्या आईनेही मुलाला वाचायला लावून ‘मग पुढं काय झालं? त्याने असं का केलं?’ विचारलं तर ती आकलन शिकवत असते. वीजबिल, औषधाच्या बाटलीवरची सूचना, ग्रामसभेची नोटीस मुलाला वाचू द्या आणि ‘म्हणजे आपण काय करायचं?’ असं विचारा.

आणि शाळांना एक विनंती. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतं आहे. अनेक शाळांत गोष्टींची, चित्रांची पुस्तकंही आलेली आहेत. त्यांतली बरीच मुख्याध्यापकांच्या खोलीत कुलूपबंद कपाटात आहेत, कारण हरवली तर जबाबदार कोण, आणि फाटली तर नोंद कशी करायची. ती कपाटं उघडा. वर्गाच्या भिंतीला दोरी बांधून पुस्तकं मुलांच्या हाताला येतील अशी टांगा, घरी न्यायला द्या, आणि दोन-चार फाटली तर चिकटवायचं कामही मुलांनाच सांगा.